हाय कॉम्प्रेशन इंजिनात विमानाचं पेट्रोल: टाकायचं का, आणि टाकायचं तर कसं

उंच कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण जास्त दाबणारं, इंजिन बांधून झालं, गाडी चढाला लागली, ॲक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून खडखड ऐकू आली, की कुणीतरी हमखास सांगतं: ‘विमानाचं पेट्रोल टाक, आवाज बंद होईल.’ सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. कुठल्या इंजिनाला ते चालतं, त्यासाठी काय बदलावं लागतं आणि हातात कॅन घेताना कशाची भीती बाळगायची, हे सांगणारा सहसा सांगत नाही.

आधीच एक गोष्ट मोकळी करून टाकतो. विमानाच्या पेट्रोलने ताकद वाढत नाही. एका लिटरमध्ये साध्या पेट्रोलपेक्षा जास्त ऊर्जा नसते. वजनाला हलकं असल्यामुळे लिटरमागे ती किंचित कमीच भरते. त्याचं काम एकच, नॉकिंग थोपवणं, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप भडकून होणारी ती खडखड बंद करणं. तुमचं इंजिन नॉक करत नसेल तर या पेट्रोलने पाकीट हलकं होईल आणि प्लग काळवंडतील, बाकी काही नाही.

सुरुवातीलाच चाळणी लावा

गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर असेल तर शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल टाकायचं नाही. यात ‘थोडंसं चालतं’ असं काही नसतं. शिशाचा थर कन्व्हर्टरच्या आतल्या प्लॅटिनम-पॅलॅडियमवर बसतो आणि कन्व्हर्टर निकामी होतो. सेन्सर त्याच्याही आधी जातो, आणि मग कॉम्प्युटर चुकीच्या माहितीवर मिश्रण ठरवू लागतो.

नव्या गाड्यांना त्याची गरजही नसते. माझदाच्या स्कायॲक्टिव्ह-जी इंजिनाचं कॉम्प्रेशन १४:१ पर्यंत गेलं आणि तरी ते पंपावरच्या ९५ ऑक्टेनवर (ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याचं माप) चालतं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारल्याने आतली हवा थंड होते, धूर झटकन बाहेर काढणारा एक्झॉस्ट असतो, नॉक सेन्सर दर क्षणी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सांभाळत असतो. तेव्हा नुसता कॉम्प्रेशनचा आकडा बघून घाबरू नका.

दुसरी चाळणी कायद्याची. अमेरिकेत १ जानेवारी १९९६ पासून रस्त्यावरच्या वाहनांत शिशाचं पेट्रोल वापरायला बंदी आहे, युरोपीय संघाने २००० मध्ये त्याची विक्री थांबवली, आणि जुलै २०२१ मध्ये अल्जेरियाने ते बंद केल्यावर जगात कुठल्याच देशात सर्वसाधारण गाड्यांसाठी ते पंपावर मिळेनासं झालं. विमानाच्या पेट्रोलवरचा करही वेगळा असतो. म्हणून रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत ते भरणं बहुतेक ठिकाणी बेकायदा ठरतं, आणि अनेक विमानतळांवर गाडीच्या टाकीत थेट भरून देत नाहीत. हा लेख ट्रॅकवर, ड्रॅग स्ट्रिपवर किंवा खासगी जागेत चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे असं धरून चाला.

मग उरतं कोण? कार्ब्युरेटरवाली जुनी इंजिनं, कन्व्हर्टर नसलेली, जी मुळातच चढ्या ऑक्टेनसाठी बनली होती. शेवरोले कॉर्व्हेटचं १९६७ ते ६९ मधलं एल८८ इंजिन घ्या. कॉम्प्रेशन १२.५:१ पर्यंत, आणि गाडीतच इशारा लावलेला की किमान १०३ रिसर्च ऑक्टेनचं पेट्रोल हवं, नाहीतर इंजिनाचं नुकसान होईल. तसं पेट्रोल तेव्हा पंपावर मिळायचं. १९७१ पासून जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांचं कॉम्प्रेशन खाली आणलं, ते ९१ ऑक्टेनवर चालावं म्हणून. त्याआधीची तगडी इंजिनं, आणि त्यांच्यासारखी आज हौसेने बांधलेली, ही खरी गिऱ्हाइकं.

पायरी १: नॉकिंगच आहे का, ते ठरवा

ठिणगी पडली की ज्वाला प्लगपासून कडेकडे सरकत जाते. पुढे सरकताना ती उरलेलं मिश्रण दाबते, तापवते. ते कोपऱ्यातलं मिश्रण ज्वाला पोचायच्या आधीच आपोआप भडकलं की दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतींवर आपटते. तो खडखडाट म्हणजे नॉकिंग. जास्त ऑक्टेनचा उपाय यावर आहे.

प्री-इग्निशन वेगळं. तिथे ठिणगीच्याही आधी एखादी लालबुंद जागा मिश्रण पेटवते: कार्बनचा निखारा, प्लगचं तापलेलं टोक, हेडची धारदार कड. यावर ऑक्टेन फारसं कामाला येत नाही. आवाज येईलच असंही नाही. पिस्टनला भोक पडतं तेव्हाच कळतं. फार गरम प्लग आणि आतल्या धारदार कडा ही त्याची नेहमीची कारणं, ती आधी काढा.

खरंच नॉकिंग असेल तर त्याला पेट्रोल जबाबदार आहे का, ते बघा. एअर क्लीनर गरम हवा ओढतोय का? रेडिएटर अर्धा बुजलाय का? व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल आत झिरपतंय का? ऑइलचा अंश मिश्रणात गेला की ऑक्टेन दणक्यात उतरतं. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असलं तरीही नॉकिंग होतं.

आणि सगळ्यात जास्त वेळा जे सापडतं ते म्हणजे टायमिंगची खूण खोटं बोलत असते. जुन्या क्रँक बॅलन्सरची बाहेरची रिंग रबरावर बसलेली असते. रबर म्हातारं झालं की रिंग घसरते आणि खूण जागा सोडते. टायमिंग लाइट ३४ अंश दाखवतो, प्रत्यक्षात चालू असतात ४०. म्हणून पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घाला, इंजिन हाताने दोन्ही दिशांनी टेकेपर्यंत फिरवा, दोन्ही वेळच्या खुणांचा मध्य काढा. तोच खरा टॉप डेड सेंटर, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा. बॅलन्सरवरचा शून्य तिथे येत नसेल तर पेट्रोलचा विचार बाजूला ठेवा आणि आधी बॅलन्सर बदला.

पायरी २: कॉम्प्रेशन स्वतः मोजा

पिस्टनच्या खोक्यावर लिहिलेला आकडा कुठल्यातरी ठरावीक हेडसाठी आणि ठरावीक गॅस्केटसाठी असतो. तुमचं हेड एकदा प्लेन (घासून सपाट) झालेलं असेल तर तो आकडा गेला.

हेड उघडं असताना कम्बशन चेंबर वर करून ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले असू द्या, कडेला थोडं ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची काच दाबा आणि ब्युरेटने केरोसीन सोडत राहा. हवेचा शेवटचा बुडबुडा गेला की ब्युरेट वाचा. समजा चेंबर ४० सीसी भरला. गॅस्केटची जागा ४ सीसी, पिस्टन वर आल्यावर डेकपाशी उरणारी जागा २ सीसी. एकूण ४६. सिलिंडर ५०० सीसीचा असेल तर ५४६ भागिले ४६, म्हणजे ११.९:१. पिस्टनला घुमट असेल तर त्याचं आकारमान ४६ मधून वजा करा, खड्डा असेल तर मिळवा.

आता याच इंजिनात ३ सीसी कार्बन साचला असं धरा. जागा उरली ४३ सीसी आणि कॉम्प्रेशन झालं १२.६. जाडसर गॅस्केट घालून ४ सीसी वाढवले तर ५० सीसी, म्हणजे बरोबर ११. पेट्रोलच्या कॅनवर जन्मभर खर्च करण्याआधी हे गणित एकदा कागदावर मांडा.

हे झालं स्टॅटिक कॉम्प्रेशन. इनटेक व्हॉल्व्ह मिटेपर्यंत पिस्टन वर निघालेला असतो आणि तोवर दाब धरला जात नाही, त्यामुळे लांब ड्युरेशनच्या (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणाऱ्या) कॅमवर १२:१ चं इंजिन प्रत्यक्षात बरंच सौम्य वागतं. तेच पिस्टन, छोटा कॅम, आणि खालच्या आरपीएमला नॉकिंगचा धिंगाणा. कॅम उशिरा मिटणारा असेल तर विमानाच्या पेट्रोलची गरज उरतही नाही.

ढोबळ अंदाज द्यायचा तर: लोखंडी हेडचं कार्ब्युरेटरवालं इंजिन १० च्या आसपास पंपावरच्या उत्तम पेट्रोलवर तग धरतं, ॲल्युमिनियम हेडचं ११ पर्यंत. तिथून साधारण १२.५ पर्यंतचा पट्टा विमानाच्या पेट्रोलचा. त्याच्या वर रेसिंगचं खास पेट्रोल घ्या, उगाच ताणू नका.

पायरी ३: आकड्यांची तुलना नीट करा

इथे नवखे हमखास गोंधळतात. ‘पंपावर १०० ऑक्टेन मिळतंय, विमानाचंही १००च, मग फरक काय?’

ऑक्टेन मोजायच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. रिसर्च पद्धतीत, म्हणजे आरओएन, चाचणीचं इंजिन ६०० आरपीएमला चालतं आणि आत जाणारी हवा ५२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मोटर पद्धतीत, म्हणजे एमओएन, ९०० आरपीएम आणि मिश्रण तापवून १४९ अंशांपर्यंत नेलेलं. दुसरी परीक्षा कडक आहे, आकडा खाली येतो. पुष्कळ देशांत पंपावर आरओएन लिहितात, अमेरिकेत दोन्हींची सरासरी. ९८ आरओएनच्या पेट्रोलचा एमओएन ८८ च्या आसपास असतो, म्हणून अमेरिकेत त्यालाच ९३ म्हणतील.

१०० एलएल (लो लेड) या विमानाच्या नेहमीच्या पेट्रोलचा शंभर हा मोटर पद्धतीच्या मापाचा आहे: किमान ९९.६. म्हणजे अशा ९८ च्या पेट्रोलशी खरी तुलना ८८ आणि ९९.६ यांची. जुन्या नावात १००/१३० असं लिहीत. पहिला आकडा पातळ मिश्रणाचा, दुसरा सुपरचार्जरखालच्या गडद मिश्रणाचा. गडद मिश्रणावर हे पेट्रोल आणखी खंबीर होतं, हे जेटिंग करताना, म्हणजे कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) निवडताना, लक्षात असू द्या.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल सावकाश जळतं असं गॅरेजांत पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ऑक्टेनचा आकडा ज्वालेचा वेग मोजतच नाही. आपोआप पेट घ्यायला पेट्रोल किती नकार देतं, एवढंच तो सांगतो.

पायरी ४: योग्य कॅन उचला

१०० एलएल निळं असतं. जुनं १००/१३० हिरवं. विमानतळावर आणखी एक इंधन असतं, जेट ए किंवा जेट ए-१, आणि ते केरोसीन आहे. पेट्रोलच्या इंजिनात गेलं तर ऑक्टेन धुळीला मिळतं आणि पिस्टन फुटतात. ‘विमानाचं इंधन’ एवढंच म्हणून मागू नका. पेट्रोलच्या नळीवर लाल पट्टीत पांढऱ्या अक्षरांत ॲव्हगॅस लिहिलेलं असतं, जेटच्या पट्टीचा रंग काळा. कुणी आणून दिलेलं असेल तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. पेट्रोल उडून जातं, केरोसीनचा तेलकट डाग राहतो.

बिनशिशाचं यूएल९१ आणि यूएल९४ हेही विमानांसाठी मिळतं. आकडे मोटर पद्धतीचे असल्यामुळे यूएल९४ पंपावरच्या ९८ पेक्षा बरंच वरचं ठरतं. ११ च्या घरातल्या इंजिनाला बरेचदा तेवढं पुरतं आणि शिशाचा सगळा व्याप टळतो. मिळत असेल तर मी आधी तेच घालून बघेन.

पायरी ५: हाताळणी

१०० एलएलच्या नावात ‘लो लेड’ असलं तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं. हिरव्या १००/१३० मध्ये १.१२ ग्रॅम चालायचं, त्या मानाने हे कमी. पण युरोपात रस्त्यावरच्या पेट्रोलमधून शिसं जाण्याआधीच्या शेवटच्या वर्षांत मर्यादा ०.१५ ग्रॅमची होती. त्याच्या जवळजवळ चौपट तुम्ही कॅनमधून ओतताय.

हे शिसं टेट्राइथाइल लेड या रूपात असतं. १९२१ मध्ये जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांनी त्याचा नॉकिंगवरचा गुण शोधला, आणि ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार विषबाधेने दगावले. ते कामगार शुद्ध रसायन हाताळत होते, कॅनमधलं पेट्रोल तेवढं जहाल नाही. तरी हे शिसं कातडीतून आत शिरतं, साध्या शिशासारखं बाहेर थांबत नाही. म्हणून:

- नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढायचं नाही. हातपंप वापरा.
- या पेट्रोलने हात, सुटे भाग किंवा फरशी धुवायची नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला.
- बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरातलं शिसं जमिनीवर बसतं आणि बुटांनी घरात जातं. लहान मुलं असलेल्या घरात तर ही गाडी अंगणातसुद्धा तापवत बसू नका.
- कॅन भरताना तो जमिनीवर ठेवा, गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका, आणि कॅन धातूचा असेल तर नळीचं तोंड त्याला टेकलेलं राहू द्या. स्थिर विजेची एक ठिणगी पुरते.

साठवायला हे पेट्रोल फार सोयीचं. हलके घटक कमी असल्यामुळे लवकर उडत नाही, विटत नाही. हंगामभर ठेवून पुढच्या हंगामात वापरणारे पुष्कळ आहेत. फक्त कॅन अपारदर्शक आणि घट्ट झाकणाचा हवा, कारण टेट्राइथाइल लेड उजेडात विघटन पावतं.

पायरी ६: निव्वळ की मिसळून?

मिसळता येतं, आणि बहुतेकांनी मिसळावंच. शिशाचा परिणाम सरळ रेषेत वाढत नाही: पहिल्या थोड्या शिशाने ऑक्टेन जास्त चढतं, पुढे प्रत्येक भर कमी कामाची ठरते. म्हणून निम्मं पंपावरचं उत्तम आणि निम्मं १०० एलएल घेतलं तर मिळणारं ऑक्टेन दोन्हींच्या सरासरीपेक्षा थोडं सरसच निघतं. पंपावरच्या पेट्रोलमधले हलके घटक थंड इंजिन सुरू करायला आणि झटकन उचल द्यायला मदत करतात, ती सोयही मिळते.

वेगळ्या कॅनमध्ये मोजून मिसळा आणि मग टाकीत ओता. टाकीत आधी किती होतं याचा अंदाज धरून वरून ओतलं की पुढच्या फेरीला प्रमाण काय होतं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि जेटिंगची सगळी मेहनत वाया जाते. एक चतुर्थांशापासून सुरुवात करा, नॉकिंग पूर्ण थांबेल तिथे थांबा.

जुन्या लोखंडी हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट नसतात. तिथे शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट सीट झिजू देत नाही. तेवढ्यासाठी मिश्रणातलं थोडं शिसंही पुरतं.

पायरी ७: जेट आणि टायमिंग

खरं काम इथे आहे.

पंपावरच्या पेट्रोलची घनता साधारण ०.७२ ते ०.७७५ असते, विमानाच्या पेट्रोलची ०.७१ च्या आसपास. कार्ब्युरेटरचा जेट आकारमान मोजतो, वजन नाही. तोच जेट ठेवलात तर सिलिंडरमध्ये वजनाने कमी पेट्रोल जातं आणि मिश्रण पातळ होतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवरून आलात तर फरक तीन टक्क्यांच्या आसपास. तीन टक्के म्हणजे फार नाही असं वाटेल, पण १२:१ च्या इंजिनात पूर्ण लोडवर तेवढ्याने पिस्टनचा माथा वितळू शकतो. आधी दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल वापरत असाल तर मात्र जेटमध्ये जवळपास बदल लागत नाही, कारण इथेनॉलमुळे तुम्ही आधीच मोठ्या जेटवर असता. त्यामुळे ‘विमानाच्या पेट्रोलला दोन नंबर मोठा जेट लागतो’ असं कुणी ठामपणे सांगितलं तर आधी विचारा, कशाच्या तुलनेत?

फ्लोट पुन्हा लावून घ्या. हलक्या पेट्रोलमध्ये फ्लोट किंचित जास्त बुडतो, सुई उशिरा बंद होते आणि बाउलमधली पातळी वर चढते. थोडीशी वर असेल तर बिघडत नाही. वळणावर किंवा ब्रेक दाबल्यावर पेट्रोल सांडून इंजिन गुदमरत असेल तर पातळी खाली आणा.

क्रम असा ठेवा. मेन जेट एक नंबर मोठा. टायमिंग आधीच्या सुरक्षित आकड्यापेक्षा चार अंश मागे. टायमिंग तपासताना डिस्ट्रिब्यूटरची व्हॅक्यूमची नळी काढून बुजवा आणि त्याच्या आतल्या वजनांचा पूर्ण ॲडव्हान्स आलेला असेल एवढ्या आरपीएमला, बहुधा ३००० च्या वर, लाइट मारा. आयडलवरचा आकडा इथे कामाचा नाही. मग पूर्ण लोडवर एक फेरी, प्लग तपासणी, आणि दोन-दोन अंशांनी पुढे.

थांबायचं कुठे? लोक नॉकिंग सुरू होईपर्यंत टायमिंग वाढवतात आणि मग एक पाऊल मागे घेतात. पंपावरच्या पेट्रोलवर ही युक्ती चालून जायची, कारण नॉकिंग लवकर यायचं. इथे नॉकिंग येणारच नाही, आणि तुम्ही वाढवतच जाल. दाब पिस्टन वर येत असतानाच चढायला लागतो, बेअरिंगवर ताण येतो, पाणी तापतं आणि ताकद उलट घटते. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा मोजलेल्या अंतरावर वेळ लावून बघा: दोन अंश वाढवून फायदा झाला नाही तर ते दोन अंश परत घ्या. बऱ्याच इंजिनांना आधीपेक्षा जास्त टायमिंग लागतच नाही.

मिश्रण मोजायला वाइडबँड सेन्सर लावणार असाल तर शिशाने तो लवकर मरतो हे धरून खर्च मोजा. ट्यूनिंगपुरता लावायचा, काम झालं की काढून भोक बुजवायचं. धुराचं तापमान दाखवणारा गेज मात्र शिशाला दाद देत नाही, तो कायमचा बसवा.

पायरी ८: प्लग वाचायला शिका

शिशाच्या पेट्रोलवर प्लग छान बोलतात. बिनशिशाच्या पेट्रोलवर रंग इतका स्पष्ट उठत नाही. नवे प्लग घाला, इंजिन तापलेलं असू द्या, पूर्ण थ्रॉटलवर एक सरळ फेरी मारा आणि शेवटी थ्रॉटल न सोडता क्लच दाबून लगेच इग्निशन बंद करा. गाडी तशीच थांबू द्या. आयडलवर आणून थांबवलीत तर आयडलचाच रंग दिसेल. स्टिअरिंग लॉक होणाऱ्या गाडीत चावी पूर्ण फिरवू नका, वेगळा किल स्विच बसवून घ्या.

प्लग उजेडात धरून भिंगातून बघा. पांढऱ्या पोर्सेलिनचं टोक फिकट तपकिरी किंवा करडं असेल तर ठीक. मिश्रणाचा अंदाज टोकावरून नाही, आत खोलवर पोर्सेलिन जिथे लोखंडी कवचात शिरतं तिथल्या काळ्या कड्यावरून घ्यायचा. कडं अजिबात नाही म्हणजे मिश्रण पातळ. टायमिंग बघायचं ते वाकलेल्या इलेक्ट्रोडच्या पट्टीवर: उष्णतेने रंग बदलल्याची रेषा साधारण मध्यावर हवी. ती खाली वळणापाशी किंवा थेट कवचाच्या कडेपर्यंत उतरली असेल तर टायमिंग जास्त आहे.

आणि ठिपके शोधा. पोर्सेलिनवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके म्हणजे नॉकिंग सुरू झालंय. त्यात चांदीसारखे चकचकीत बारीक मणी दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. गाडी तिथेच थांबवा, ‘अजून एक फेरी’ नाही. शिशाच्या गुठळ्या याहून वेगळ्या दिसतात: निस्तेज करड्या, खरबरीत, आणि बहुतेक कवचाच्या खाचेत बसलेल्या. त्या मंद आयडलमुळे होतात. वैमानिक जमिनीवर असताना मिश्रणाची दांडी ओढून ते मुद्दाम पातळ करतात ते प्लगवर हे शिसं साचू नये म्हणूनच. गाडीत ती दांडी नाही, त्यामुळे रांगेत उभं राहून इंजिन घुरघुरत ठेवू नका. प्लगवरची पूड ब्रशने झाडू किंवा फुंकू नका. तेही शिसंच आहे. ओल्या कापडाने पुसा, कापड वेगळं टाका.

ऑइल

शिशाचा काही भाग रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. विमानांसाठी निघालेलं एक पूर्ण सिंथेटिक ऑइल १९९० च्या दशकात बाजारातून मागे घ्यावं लागलं होतं, कारण ते शिशाचा गाळ स्वतःत विरघळवून धरू शकत नव्हतं आणि इंजिनांत चिखल साठत होता. म्हणून मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक घाला आणि नेहमीच्या निम्म्या मुदतीत बदला. जुनं ऑइल त्यात शिसं आहे असं सांगून योग्य जागी द्या.

थंडीत सुरू व्हायला हे पेट्रोल कुरकुरतं. बाष्पदाब ३८ ते ४९ किलोपास्कल असतो, तर थंडीच्या हंगामातलं पंपावरचं पेट्रोल ९०-१०० पर्यंत जातं. चोक जास्त वेळ ओढावा लागेल. उन्हाळ्यात हाच दोष गुण होतो: गरम इंजिनावर पाइपात वाफ अडकत नाही.

नवं इंजिन बांधत असाल तर

१०० एलएलवर कायमचं अवलंबून राहू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये विमानांच्या धुरातलं शिसं आरोग्याला घातक असल्याचा अधिकृत निष्कर्ष काढला, आणि तिथला विमानवाहतूक विभाग २०३० अखेरपर्यंत ते हद्दपार करायच्या तयारीत आहे. बिनशिशाच्या जी१००यूएलला त्याच विभागाने सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली, पण त्याची घडण वेगळी आहे आणि १०० एलएलवर लावलेले जेट त्याला तसेच जुळतील असं धरता येत नाही.

ई८५, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन, मिळत असेल तर मी त्याच्याकडे वळेन. ऑक्टेन भरपूर, शिसं नाही, आणि आत जाणारं मिश्रण चांगलंच थंड होतं. मात्र पेट्रोल एक-तृतीयांशाच्या आसपास जास्त लागतं, म्हणजे जेटच नव्हे, पंप, पाइप आणि फ्लोटची सुईसुद्धा मोठी घ्यावी लागते, आणि रबराचे भाग इथेनॉल सोसणारे हवेत. तेवढा खटाटोप नको असेल तर पिस्टनची ऑर्डर देण्याआधी पायरी २ मधलं गणित पुन्हा करा आणि चेंबर, गॅस्केट, कॅम असे निवडा की पंपावरच्याच उत्तम पेट्रोलवर काम भागेल. १२ वरून ११ वर आलात तर ताकद दोन-तीन टक्के जाते.